शस्त्रक्रियेनंतरचें दुखणें : सोसावें कीं सांगावें ?

बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेला रोगी घाटावरच्या चिखली-मेहकराकडे परतो, अथवा राजूर घाट उतरून मलकापूर-नांदुऱ्याकडे जावो, दाराशीं त्याचें स्वागत बहुधा एकाच वाक्यानें होतें : "आतां थोडें सोसावें लागेल." हा उपदेश प्रेमानें केलेला असतो, पण तो अपुरा आहे, आणि कांहीं प्रसंगीं अपायकारकहि ठरतो. शस्त्रक्रिया शल्यवैद्याच्या हातून पार पडते. तिचें फळ पदरांत पडावयाचें तें मात्र पुढील शुश्रूषेंतून. त्या शुश्रूषेंत वेदनेचा बंदोबस्त ही मुख्य गोष्ट होय.

शस्त्रक्रियेच्या वेळची वेदना मनुष्यानें जिंकली त्यास फार काळ लोटलेला नाहीं. १८४६ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें ईथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया सर्वांसमक्ष यशस्वी झाली, व पुढील वर्षीं एडिंबरो येथें सिम्प्सन यानें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. मेजावरचा आकांत त्यामुळें थांबला; परंतु भूल उतरल्यावर काय, हा प्रश्न उरलाच.

शस्त्रक्रिया आटोपली म्हणजे आजार संपला असें नव्हे, याचें प्रसिद्ध उदाहरण पुण्याचें आहे. येरवड्याच्या तुरुंगांत असलेल्या महात्मा गांधींना आंत्रपुच्छाच्या दाहामुळें सॅसून रुग्णालयांत हलविण्यांत आलें, आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं कर्नल मॅडॉक यांनीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येंच विजेचे दिवे गेले व उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत उरकावें लागलें. इतकें होऊनहि शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पण जखमेच्या ठिकाणीं पू धरल्यानें प्रकृति सुधारण्यास विलंब लागला. ५ फेब्रुवारीस सरकारनें त्यांची सुटका केली, आणि मार्च महिन्यांत ते विश्रांतीसाठीं जुहूस गेले. कुशल हात मिळाले तरी पुढचे आठवडे जपावेच लागतात, हा या हकिकतीचा बोध.

कातडी व स्नायु कापले गेले कीं तेथें सूज येते. सुजेंतून निर्माण होणारीं द्रव्यें ज्ञानतंतूंस डिवचतात, आणि ती वार्ता मज्जारज्जूच्या मार्गें मेंदूस पोंचते. या मार्गावर जणूं एक दार असतें व तें कमीअधिक उघडतें, अशी उपपत्ति मेलझॅक व वॉल या शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं मांडली. भीति, जागरण व एकटेपण यांनीं वेदना वाढते. झोंप, धीर व आपल्या माणसाची सोबत यांनीं ती उणावते. रोग्याच्या उशाशीं बसणारी आजी हीसुद्धां उपचाराचा एक भाग आहे, तो असा.

वेदना नुसती सोसल्यानें काय बिघडतें ? पोटाचे वा छातीचे टांके दुखतात म्हणून रोगी उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ सांचतो आणि फुप्फुसाचा दाह होण्याची भीति उत्पन्न होते. तो अंथरुणास खिळून राहतो. पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, व ती गुठळी फुप्फुसांत गेल्यास प्राणावर बेतते. म्हणून वेदना अजिबात नाहींशी करणें हें ध्येय नव्हे. रोग्यास दीर्घ श्वास घेतां यावा, खोकतां यावें, चार पावलें चालतां यावें व झोंप लागावी, इतकी ती कमी करणें हें ध्येय होय. शून्य ते दहा यांत दुखणें किती, असें रोग्यास विचारावें. पडल्यापडल्या एकदां आणि खोकतांना एकदां.

पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखणें बहुधा सर्वांत अधिक असतें. या काळांत, कळ असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी घेणें ही चूक होय. डॉक्टरांनीं सांगितलेल्या वेळीं ती घ्यावी. पॅरासिटामॉल प्रौढास चोवीस तासांत ४ ग्रॅमहून अधिक कधींहि देऊं नये. यकृताचा विकार, मद्यपान किंवा कृश शरीर असल्यास मर्यादा याहूनहि कमी असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत हेंच औषध असतें, हें विसरूं नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक हीं सूज उतरवितात. पण जठरव्रण, मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असल्यास, किंवा रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास, तीं विचारल्यावांचून घेऊं नयेत. घाटाखालच्या वैशाखांत शरीरांतील पाणी आटलें असतां हीं औषधें मूत्रपिंडास विशेष बाधतात. ट्रॅमडॉलसारख्या औषधांनीं गुंगी, मळमळ व मलावरोध होतो. तीं ठरलेल्या दिवसांपुरतींच घ्यावीं, त्यांजबरोबर मद्य वर्ज्य करावें, आणि उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कोणास देऊं नयेत.

औषधाइतकीच युक्तीहि उपयोगी पडते. पोटावर टांके असल्यास उशी पोटाशीं धरून खोकावें. उठतांना आधीं कुशीवर वळावें, पाय खालीं सोडावे, मग हाताच्या रेट्यानें बसावें. घरीं परतण्यापूर्वीं पुढची गोळी केव्हां घ्यावयाची हें विचारून ठेवावें, म्हणजे घाटांतील वळणें व हिसके सुसह्य होतात. जखमेवर हळद, राख किंवा तेल लावूं नये.

घरांतील सर्वांत अधिक सोसणारी व सर्वांत कमी बोलणारी व्यक्ति म्हणजे सिझेरियन शस्त्रक्रिया झालेली बाळंतीण. औषध दुधांत उतरेल या भीतीनें ती गोळी तशीच ठेवते, आणि कळ मारून मुलास पाजावयास बसते. वस्तुतः पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन दुधांत अगदीं अल्प प्रमाणांत उतरतात व सामान्यतः चालतात. कोडीन व ट्रॅमडॉल मात्र टाळणें बरें. तिनें न सांगितलें तरी सासूनें किंवा पतीनें विचारलें पाहिजे.

दिवसेंदिवस कमी होणारें दुखणें ही बरें होण्याची वाट आहे. उलट वाढणारें दुखणें ही सूचना आहे. ताप, जखमेचा वाढता लालपणा वा पू, ताठ पोट व ओकाऱ्या, लघवी अडणें, अथवा प्लास्टरमधील बोटें बधिर वा निळीं पडणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास गोळी वाढवूं नये, रुग्णालय गांठावें. एकाच पोटरीची सूज, छातींत कळ किंवा धाप लागल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

रोग्याच्या खोलींत एक कागद लावावा; त्यावर औषधाचें नांव, दिल्याची वेळ व दुखण्याचा आंकडा लिहावा. "कसें काय आहे ?" या प्रश्नास "ठीक आहे" एवढेंच उत्तर मिळतें, त्या कागदावरून मात्र दोन दिवसांत दुखणें उतरतें आहे कीं चढतें आहे, हें घरच्यांस आणि डॉक्टरांस एका दृष्टिक्षेपांत कळतें.