खाचर पाहून बियाणे

शहापूर-मुरबाडकडचा शेतकरी भाताचे बियाणे घेण्याआधी आपले खाचर पाहतो. पाणी लवकर ओसरते तेथे हळवे भात, पाणी टिकते तेथे गरवे. संगणकाचे मॉड्यूल बांधून लोकांच्या हाती देणाऱ्यानेही हाच विवेक ठेवावयास हवा.

मॉड्यूल म्हणजे काय? एक ठरावीक काम करणारा आणि इतर प्रोग्रॅमनाही वापरता येणारा सुटा भाग. समजा, आपण शाळांसाठी पायथन भाषेत मराठी शब्दकोशाचे मॉड्यूल लिहिले. त्यात शब्द आहेत आणि उच्चार ऐकवणारे ध्वनीही आहेत. ध्वनींचा भार मोठा. मुरबाड गावातील शाळेला दोन्ही पेलतील. परंतु माळशेजच्या पायथ्याशी एखाद्या शाळेत संगणक जुना आणि नेट तुटक असेल, तर तिला नुसते शब्द पुरेत. म्हणून इन्स्टॉल करतानाच निवडीची सोय हवी.

जुन्या रीतीत मॉड्यूलच्या सेटअप फाइलीत इन्स्टॉलच्या आज्ञेला आपला पर्याय जोडता येई. त्याच्या पायऱ्या तीन. प्रथम पर्यायाची जागा रिकामी ठेवावयाची. मग सांगितलेले मूल्य तपासावयाचे, काहीच सांगितले नसेल तर नेहमीचे भरावयाचे. आणि शेवटी प्रत्यक्ष काम करावयाचे.

फसगत होते ती पुढे. आज बहुतेक मॉड्यूले ‘व्हील’ नावाच्या तयार गठ्ठ्यातून येतात. ‘पिप’ हे साधन तो गठ्ठा उलगडून फाइली जागच्या जागी ठेवते. आपण लिहिलेली इन्स्टॉलची आज्ञा शाळेच्या संगणकावर चालतच नाही. ती चालून गेलेली असते गठ्ठा बांधणाऱ्याच्या घरी! निवड तेथेच गोठते, आणि शिक्षकाला नको असलेले ध्वनीही शाळेत येऊन पडतात. ही जुनी रीत ज्यावर उभी होती ते ‘डिस्टयुटिल्स’ २०२३ साली पायथन ३.१२ मधून काढूनच टाकले गेले.

मग उपाय कोणता? ध्वनींचे वेगळे पॅकेज करावे आणि मुख्य मॉड्यूलच्या माहितीत ते ‘ऐच्छिक’ म्हणून नोंदवावे. ज्याला हवे त्याने इन्स्टॉल करताना मॉड्यूलच्या नावापुढे त्या ऐच्छिक भागाचे नाव चौकोनी कंसात लिहावे. काहीच न लिहिणाऱ्याला हलका संच मिळावा. फाइली कोठे ठेवावयाच्या यासारखे प्रश्न प्रोग्रॅम पहिल्यांदा चालेल तेव्हा विचारावेत.

आणि गठ्ठे वाटण्यापूर्वी एक करावे: ते पेनड्राइव्हवर घेऊन, नेट बंद करून, एखाद्या जुन्या संगणकावर स्वतः इन्स्टॉल करून पाहावेत. तेथे अडले, तर दोष शिक्षकाचा नव्हे, आपल्या बांधणीचा.