गरोदरपणात मनाचीही तपासणी हवी

गरोदरपणातल्या तपासणीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सारे पाहिले जाते. ‘झोप लागते का? घरी कसे चालले आहे?’ हे मात्र क्वचितच विचारले जाते. या प्रश्नांचे मोल गोव्यातील एका अभ्यासाने दाखवून दिले. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी तिथल्या २७० स्त्रियांची गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर पाहणी केली. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांतल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झाला होता.

कारणे बरीचशी घरातच होती : आर्थिक ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध. उपासमार, मारहाण यांचा परिणाम मुलगा झाला की मुलगी, यावरही बदलत होता. म्हणजे हा त्रास बाईच्या ‘नाजूक स्वभावा’चा नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, सतत रडू येत असेल, तर ‘दिवस गेल्यावर असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना सांगावे किंवा ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. पुढच्या तपासणीला नवऱ्यानेही सोबत जावे.