छावणी नसलेल्या मुलखात लष्कर आणि बातमीदार

अमरावती-अकोल्याच्या बातमीदाराला गणवेशातला लष्करी अधिकारी क्वचितच भेटतो. इंग्रजी अमदानीत परतवाड्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. आज लष्कराची मोठी ठाणी पूर्वेकडे आहेत: कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र, नागपुरात वायुसेनेचे मेंटेनन्स कमांड आणि वर्धा नदी ओलांडताच पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार. पोलीस ठाण्यात रोज चक्कर मारणाऱ्या बातमीदाराला ठाणेदार नावाने ओळखतो. लष्कराशी अशी ऊठबस नसते. बहुतेक वेळा गाठ पडते ती अपघात झाल्यावर, नाहीतर गावात जवानाचे पार्थिव येणार असते तेव्हा.

३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर पुलगावच्या भांडारात आग लागली, स्फोट झाले आणि आगरगावसारख्या लगतच्या गावांतील लोक रातोरात घराबाहेर पडले. अशा वेळी बातमीदाराला तीनच जागा उरतात: भांडाराचे बंद फाटक, घर सोडून आलेले गावकरी आणि जखमींना नेलेले सावंगी मेघेचे रुग्णालय. मृतांचे वेगवेगळे आकडे फिरत होते. त्याच दिवशी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर पुलगावला आले. दोन अधिकाऱ्यांसह १६ जण दगावल्याचे सांगण्यात आले, आणि पुढे तो आकडा वाढला. लष्कराची अडचण खोटी नसते. हजेरी पूर्ण लागलेली नसते, घरच्यांना कळवायचे असते आणि कोणत्या कोठारात काय होते हे सांगणे १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात बसत नाही. पण कोणती गावे रिकामी करायची, आग आटोक्यात आली का, पुढची माहिती किती वाजता मिळेल, यात कसलेच गुपित नाही. एवढे वेळेवर सांगितले तरी निम्म्या अफवा जागीच विरतात.

चूक दुसऱ्या बाजूनेही होते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगावजवळ सहा जणांचा बळी घेणारा स्फोट भांडाराच्या आत नव्हे, तर जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर झाला होता. ‘डेपोत पुन्हा स्फोट’ असा मथळा देणाऱ्याने हा फरक विचारून घ्यायला हवा.

माहिती चटकन दिली तर काय साधते, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसले. बुलडाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते यांना सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मरण आले. कुटुंबाला काय मिळणार, यावर समाजमाध्यमांत उलटसुलट मजकूर सुरू झाला. लष्कराने लगेच तपशील जाहीर केला: ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवानिधी, उरलेल्या मुदतीचे वेतन आणि युद्धहानी निधीतून ८ लाख. अग्निवीर भरतीच्या अग्निपथ योजनेवरचा वाद त्याने मिटला नाही, मिटणारही नव्हता. पण वाद घालणाऱ्यांच्या हाती निदान खरे आकडे आले.

बातमीदारानेही थोडे शिकून ठेवावे लागते. गावात सगळेच ‘मिलिटरीत’ असतात, छापताना तसे चालत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यात बुलडाणा जिल्ह्याचे जे दोन जवान गेले, ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. हे दल गृह मंत्रालयाच्या हाताखाली असते आणि त्याचे पेन्शनचे नियमही वेगळे. नायक आणि नायब सुभेदार यांत गल्लत झाली, की हयात नोकरीत घालवलेल्या घराला ती बोचते. घरच्यांना निरोप पोचण्याआधी नाव छापू नये, हे तर सांगायलाही नको.

ओळखीपाळखीसाठी वाटा आहेत. नागपुरात संरक्षण मंत्रालयाचा जनसंपर्क अधिकारी असतो. मंत्रालयाचे जनसंपर्क संचालनालय पत्रकारांसाठी संरक्षण वार्ताहर अभ्यासक्रम घेते. सर्वांत जवळची वाट मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची. तिथला अधिकारी बहुधा निवृत्त फौजी असतो. त्याला पलटणीची भाषा कळते आणि तालुक्यातली माणसेही.

ही ओळख वाढवायला भरती मेळाव्याइतकी चांगली वेळ नाही. कोणाच्या घरी रडारड नसते आणि लष्कर व बातमीदार दोघांनाही एकच गोष्ट हवी असते, तारीख व कागदपत्रांची यादी बिनचूक छापून येणे. अमरावती आणि अकोला हे जिल्हे नागपूरच्या भरती कार्यालयाकडे येतात, बुलडाणा छत्रपती संभाजीनगरकडे. अकोल्याचे वर्तमानपत्र बुलडाणा जिल्ह्यातल्या खामगावातही वाचले जाते; तेव्हा कोणत्या जिल्ह्याची तारीख कोणती, हे मथळ्यातच नसेल तर खामगावची पोरे भलत्याच मैदानावर जाऊन उभी राहतात.