शेपटाकडचे पाणी : वाघाडचा कालवा आणि ओझरची द्राक्षे

फेब्रुवारी उजाडला की अंधेरी-घाटकोपरच्या स्टेशनांबाहेर द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. ही द्राक्षे बहुतांशी नाशिककडची, हे मुलांना ठाऊक असते. त्या वेलींना पाणी कोठून मिळते असे विचारले, तर उत्तर येते, 'धरणातून'. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याला ओझरला जावे लागेल.

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या उजव्या कालव्याच्या शेपटाला, निफाड तालुक्यात ओझर येते. १९८० च्या दशकात कालवा होता, पण शेपटाला पाणी पोचेल याची शाश्वती नव्हती. दोष केवळ वरच्या शेतकऱ्यांच्या हावेचा होता असे आम्हाला वाटत नाही. पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जाई. एकरभर पिकाला प्रत्यक्षात किती पाणी गेले, हे कोणी मोजत नसे. जास्त घेतले तरी पट्टी तेवढीच, आणि पुढची पाळी केव्हा येईल याचा भरवसा नाही. अशा वेळी आले ते पाणी शेतात भरून घेणे हाच शहाणपणा ठरतो.

समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणले. १९९०-९१ च्या सुमारास ओझरला बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांची मागणी साधी होती. आमच्या हद्दीच्या तोंडाशी पाणी मोजून द्या, पट्टी घनमीटरवर घ्या. आत कोणी कोणते पीक घ्यायचे आणि पाणी कसे वाटायचे, ते आम्ही बघू.

वाहते पाणी मोजायचे कसे? साधने अनेक आहेत, पण तत्त्व सर्वांत स्वच्छ दिसते ते त्रिकोणी खाचेत. प्रवाहात आडवी फळी बसवून तिला ९० अंशांची खाच पाडली, तर खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजून प्रवाह काढता येतो. (उंची खाचेपासून थोडी मागे, संथ पाण्यात मोजावी.) उंची १० सेंटीमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर पाणी जाते, २० सेंटीमीटर असेल तर सुमारे २५ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून अधिक वाढतो. शाळेच्या आवारात नळ, पन्हळ आणि बादली घेऊन हे पडताळता येईल. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर वाटप सोडले की भांडणे का होतात, हेही मुलांच्या ध्यानात येईल.

मोजून मिळाले तरी द्राक्षांचा प्रश्न सुटत नव्हता. कालव्याचे आवर्तन काही आठवड्यांनी येते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वेलीला मात्र थोडे थोडे पाणी वेळच्या वेळी लागते. ही दोन वेळापत्रके जुळणार कशी? ओझरकरांनी मधला साठा जमिनीत केला. कालव्याचे पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडायचे, ते मुरून विहिरींत उतरते, आणि विहिरीतून शेतकरी ठिबकने हवे तेव्हा घेतो.

हे जमते ते तिथल्या खडकामुळे. दख्खनच्या बेसॉल्टवर झिजलेल्या मुरमाचा थर असतो. त्याच्या एका घनमीटरातून जेमतेम २० लिटर पाणी मोकळे होते, म्हणजे २ टक्के. त्यामुळे एका हेक्टरखालची पातळी मीटरभर चढवायला २०० घनमीटर पाणी पुरते. विहिरी लवकर भरतात, पण तितक्याच लवकर रित्याही होतात, म्हणून बंधारे पुन्हा पुन्हा भरावे लागतात. एरवी पाझर म्हणजे नासाडी समजली जाते. इथे मात्र तो कामाला लावला गेला.

पण त्यातून नवा पेच निघाला. विहीर खासगी, पण तिच्यातले पाणी संस्थेने मोजून, पैसे मोजून आणलेले. तेव्हा ज्यांना या पाझराचा लाभ होतो, त्या विहीरवाल्यांकडूनही संस्थांनी पट्टी घ्यायला सुरुवात केली. भूजल कोणाचे, हा वाद आजही देशभर चालतो. ओझरला तो बैठकीत बसून, माणशी आकडे मांडून मिटवावा लागला.

शेपटाची ही रीत पुढे धरणाकडे सरकत गेली. २००३ मध्ये वाघाडच्या २४ संस्थांचा मिळून प्रकल्पस्तरीय संघ झाला. २००५ मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, आणि पाणी मोजून संस्थेला देण्याचे तत्त्व त्यात आले.