मिठातले जीव : खारपाणपट्ट्यात हे का नाहीत?

मोर्शीच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न डोक्यातून जात नाही. ते लिहितात, "आमच्या इकडचं पाणी गोड. पण मावशी दर्यापूरची, तिच्या विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही. मंग लोणारचं पाणी गुलाबी करणारे जीव खारपाणात काऊन नाही?"

जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे हॅलोआर्किया हे मीठप्रिय सूक्ष्मजीव असल्याचं दाखवून दिलं. आपल्या जिभेला खारं लागतं ते या जीवांना अळणी असतं. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के क्षार. यातल्या बहुतेकांना निदान ९-१० टक्के मीठ लागतं आणि खरे रमतात ते २०-२५ टक्क्यांत. खारपाणपट्ट्यातली, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्याच्या भागातली, मावशींची विहीर समुद्राच्याही पुष्कळ अलीकडे राहते.

इतका हट्ट कशासाठी, याचं उत्तर जनुकसंचात सापडतं. हॅलोबॅक्टेरियम एनआरसी-१ या हॅलोआर्कियाचा संपूर्ण संच २००० साली शिलादित्य दाससर्मा आणि सहकाऱ्यांनी वाचला. एक मोठं वर्तुळ, दोन लहान, मिळून २५,७१,०१० अक्षरं. त्यावरून प्रथिनं मांडली तर जवळजवळ सगळी आम्लधर्मी निघाली. हा जीव बाहेरचं मीठ अडवत बसत नाही; पेशीत तेवढंच पोटॅशियम क्लोराइड भरून घेतो. एवढ्या क्षारात साधी प्रथिनं गोळा होऊन बसतील. याच्या प्रथिनांच्या अंगावर मात्र ऋण भार दाटलेले असतात आणि ते पाणी धरून ठेवतात. मीठ काढून घेतलं की तेच भार एकमेकांना ढकलतात आणि प्रथिनाची घडी उलगडते.

हे डोळ्यांनी पाहता येतं. लालसर पेशींचा साका ऊर्ध्वपातित पाण्यात सोडा. गढूळपणा बघता बघता जातो, पेशी फुटतात आणि द्रव पाकासारखा दाट होतो. तो दाटपणा डीएनएचा. प्रयोगशाळेत मला याहून सुंदर काही दिसलेलं नाही.

लोणारातही सगळेच असे हट्टी नाहीत. तिथल्या सेसेम्बिया लोनारेन्सिस या जिवाणूच्या जनुकसंचाचा मसुदा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, पाठोपाठ इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलसचा. हे हॅलोआर्किया नव्हेत, साधे जिवाणू. खारपाणात शोधायचे ते असे, मीठ सोसणारे. सोडियम बाहेर फेकायचं, पेशीत बीटेन किंवा एक्टोइन साठवायचं आणि पावसाळ्यात पाणी पातळ झालं की साठा कमी करायचा, ही त्यांची रीत. उन्हाळ्यात वाढणाऱ्या आणि पावसात उतरणाऱ्या खारेपणाला तीच मानवते.

तेव्हा पत्रलेखकांना एवढंच सांगतो : मावशींच्या विहिरीत जीव नक्की आहेत, फक्त ते गुलाबी नाहीत. पूर्णेच्या खोऱ्यातली माती आणि विहिरी ऋतूंप्रमाणे तपासून तिथल्या जीवांचे जनुकसंच वाचायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या मुलांसाठी तर हे घराच्या अंगणातलं काम आहे.