वैद्य आणि उपस्थाता यांच्यामधील नवा वर्ग : अमेरिकेतील नर्स प्रॅक्टिशनर व फिजिशियन असिस्टंट

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी यांची गणना केली आहे. उपस्थात्याच्या अंगी उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे चार गुण असावेत, असे सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. निदान आणि औषधयोजना हे कार्य मात्र वैद्याचे. अमेरिकेत गेल्या साठ वर्षांत या दोन पादांच्या मध्ये एक स्वतंत्र वर्ग उभा राहिला आहे. परदेशी जाऊ इच्छिणारे आपले तरुण पदवीधर या पदांविषयी नेहमी विचारणा करतात. परंतु येथेच राहणाऱ्या वैद्यांनाही त्या व्यवस्थेपासून घेण्यासारखे बरेच आहे, असे आम्हांस वाटते.

उगम

दोन्ही पदांचा जन्म १९६५ सालचा. वैद्यकशास्त्रात विशेषज्ञांची संख्या वाढत होती आणि ग्रामीण भागात साध्या आजारांसाठीही डॉक्टर मिळेनासे झाले होते. कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लोरेटा फोर्ड व बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून निवृत्त झालेल्या चार वैद्यकीय सेवकांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा पहिला वर्ग भरवला. त्यांपैकी तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले.

शिक्षण

नर्स प्रॅक्टिशनर ही प्रथम नोंदणीकृत परिचारिका असते. त्यानंतर ती पदव्युत्तर अथवा डॉक्टरेट स्तराचे शिक्षण घेते आणि कुटुंबवैद्यक, बालरोग, मानसरोग यांसारखी एक शाखा आरंभीच निवडते. फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम मात्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या धर्तीवर आखलेला असतो. पदवीनंतर सुमारे २७ महिन्यांचे शिक्षण, त्यात २,००० तासांहून अधिक प्रत्यक्ष रुग्णानुभव, अखेरीस राष्ट्रीय परीक्षा, असा त्याचा क्रम आहे. प्रमाणपत्र टिकविण्यासाठी पुढे दर दोन वर्षांनी १०० तासांचे निरंतर शिक्षण बंधनकारक असते. केवळ बी.ए.एम.एस. पदवीच्या आधारे यांपैकी कोणतेही पद मिळत नाही, हे इच्छुकांनी प्रथमच ध्यानी घ्यावे. मधल्या दलालांच्या आश्वासनांवर विसंबू नये.

कार्यकक्षा

दोन्ही पदांवरील व्यक्ती रुग्ण तपासतात, निदान करतात, चाचण्या सांगतात आणि औषधे लिहून देतात. निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरांच्या देखरेखीवाचून काम करता येते. टेक्साससारख्या राज्यात औषधे लिहिण्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार आवश्यक असतो. फिजिशियन असिस्टंट मुख्यत्वे डॉक्टरांच्या सहयोगाने काम करतो. मर्यादा राज्यागणिक बदलते, परंतु ती कायद्यात लिहिलेली असते.

वेतन

अमेरिकी श्रमसांख्यिकी विभागाच्या मे २०२३ च्या आकडेवारीनुसार फिजिशियन असिस्टंटचे मध्यक वार्षिक वेतन १,३०,०२० डॉलर, नर्स प्रॅक्टिशनरचे १,२६,२६० डॉलर, तर नोंदणीकृत परिचारिकेचे ८६,०७० डॉलर होते. अधिक शिक्षण व अधिक जबाबदारी यांचे मोल त्या वेतनात स्पष्ट दिसते.

तेथेही सर्व निर्दोष आहे असे नव्हे. वृद्धांसाठीची सरकारी विमायोजना मेडिकेअर या दोघांच्या सेवेसाठी डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्केच रक्कम देते. मात्र तीच सेवा विशिष्ट अटींवर डॉक्टरांच्या नावे दाखविल्यास पूर्ण रक्कम मिळते. परिणामी काम एकाचे व नाव दुसऱ्याचे, असा प्रकार घडतो. मेडिकेअरच्या सल्लागार आयोगाने २०१९ मध्ये ही पद्धत बंद करण्याची शिफारस केली.

आपल्यासाठी बोध

हे वाचताना आपल्या सभासदांना स्वतःचीच स्थिती आठवेल. आपले कितीतरी पदवीधर खाजगी रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून रात्रपाळ्या करतात. मध्यरात्री आलेला रुग्ण तेच पाहतात, नातेवाइकांना तेच धीर देतात; केसपेपरवर नाव मात्र सकाळी येणाऱ्या तज्ज्ञाचे असते. कार्यकक्षा लेखी नाही, वेतनश्रेणी नाही, आणि काही विपरीत घडल्यास जबाबदारी कोणाची, याचे उत्तरही नाही. भारतात २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने फिजिशियन असिस्टंटला आपल्या अनुसूचीत स्थान दिले. त्याच रुग्णालयात रात्र काढणाऱ्या आपल्या पदवीधराचे काम मात्र अजून तोंडी आदेशांवरच चालते.

औषधालयाच्या चालकांचाही येथे संबंध येतो. अमेरिकेत हे दोघे स्वतःच्या नावाने व पदनामासह चिठ्ठी लिहितात. आपल्याकडेही १९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर लिहून देणाऱ्याचीच स्वाक्षरी व दिनांक असावा लागतो. एकाच्या छापील कागदावर दुसऱ्याने लिहिलेली चिठ्ठी पुढे आली असता संकोच न करता विचारणा करावी. ती वैद्याच्याही हिताची आहे.

पाश्चात्त्यांचे अनुकरण करावे असा आमचा आग्रह नाही. आपल्या पदवीधराला कोणाचा दुय्यम सहायक म्हणवून घेण्याचीही गरज नाही. परंतु नेमणूक स्वीकारताना कामाची मर्यादा, देखरेख करणाऱ्याचे नाव, कामाचे तास आणि वेतन या चार गोष्टी लेखी मागण्याचा हक्क त्याला आहे. ज्येष्ठ वैद्यांनी, विशेषतः ज्यांची स्वतःची रुग्णालये आहेत त्यांनी, हा पायंडा आपल्याच घरापासून पाडावा. चतुष्पादांतील प्रत्येक पाद आपापल्या जागी दृढ असेल तरच चिकित्सा सिद्धीस जाते.