मालाला नांव, नांवाला पत्ता

शेतकऱ्यानें माल पिकवावा आणि त्यावर नांव मात्र दुसऱ्यानें लावावें, हा प्रकार आमच्या कोंकणपट्टींत फार जुना आहे. दासगांव हें सावित्रीच्या कांठचें एके काळचें बंदर. मुंबईहून येणारे उतारू व माल जलमार्गानें येथें उतरत. पुढें मोटारी आल्या व बंदराचा राबता ओसरला. आज मुंबई-गोवा महामार्ग गांवावरून जातो आणि कोंकण रेल्वेही जवळूनच धांवते. वाहतुकीचीं साधनें अशीं सुधारलीं, परंतु आमच्याकडील भात, नाचणी, वाल व कोकम हा माल आजही बहुधा बिननांवाच्या गोणींतूनच गांवाबाहेर पडतो. गोणीवर नांव नाहीं, म्हणून भाव बोलण्याचा अधिकारही घेणाऱ्याकडेच राहतो.

महसुली दप्तरांत आमची हयात गेली. तेथें एक गोष्ट पक्की कळते. कसणारा कितीही कष्टाळू असो, उताऱ्यावर त्याचें नांव नसेल तर तंटा पडतांच त्याची बाजू लंगडी होते. मालाचेंही असेंच आहे. छाप म्हणजे मालाचा सातबारा होय.

आमच्या वाचकांस किर्लोस्करांचा नांगर ठाऊक आहेच. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडानें जमीन नासते अशी त्या वेळीं पुष्कळांची समजूत होती. नुसत्या जिन्नसाच्या बळावर असा संशय फिटत नसतो. १९२० सालीं या कारखान्यानें 'किर्लोस्कर खबर' नांवाचें पत्रक काढलें व आपल्या कामाची हकीकत गिऱ्हाइकांच्या घरीं पोहोंचविली. पुढें त्याचेंच 'किर्लोस्कर' मासिक झालें. आज संकेतस्थळ म्हणतात तें याच जातीचें साधन आहे. माल कोणाचा, कोठला व कसा केला, हें गिऱ्हाइकानें विचारण्यापूर्वीं सांगणें, एवढेंच त्याचें काम.

नांवास किंमत आली कीं तें चोरणारेही निघतात. कोंकणच्या हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, व त्यांत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे व पालघर यांसह आपला रायगड जिल्हाही आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास तें २०२२ सालीं लाभलें. तरीही बाहेरचा आंबा देवगडच्या नांवावर खपूं लागला, तेव्हां तेथील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेनें २०२५ च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याची पद्धत घातली. या चिकटपट्ट्या बागाईतदारास त्याच्या झाडांच्या मानानें दिल्या जातात. नांव मिळविणें हें अर्धें काम आणि तें राखणें हें उरलेलें अर्धें, हाच यांतील धडा.

आतां आपण काय करावें? पहिली गोष्ट, छाप एकट्यादुकट्यानें न काढतां दहा-वीस खातेदारांनीं मिळून काढावी. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यांत संघटनेच्या सामूहिक चिन्हाची सोय आहे. नोंदणी दहा वर्षें टिकते व पुढें वाढवितां येते. केवळ गांवाचें किंवा जिनसाचें नांव सहसा नोंदलें जात नाहीं, म्हणून 'दासगांव तांदूळ' एवढ्यावर न थांबतां कांहीं निराळें नांव व सोपी खूण निवडावी. खूण अशी असावी कीं अक्षर न वाचणाऱ्या माणसानेंही ती ओळखावी.

दुसरी गोष्ट, छापेमागें शिस्त हवी. ओला तांदूळ पुड्यांत भरला तर चार आठवड्यांत वास धरतो, आणि दोष एकाचा असून बट्टा सर्वांस लागतो. तांदळाची ओल शेंकडा चौदाच्या वर नसावी. वाल चाळून, किडका दाणा काढून मगच भरावा. कमी प्रतीचा माल, मग तो सरपंचाचा असो कीं सख्ख्या भावाचा, परत करण्याचें धैर्य मंडळींत नसेल तर छाप काढूंच नये. पुड्यावर नक्त वजन, किंमत, भरल्याचा महिना व पत्ता असावा. आगळ, पोहे, पीठ असा प्रक्रिया केलेला जिन्नस विकावयाचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून तिचा चौदा आंकडी क्रमांकही छापावा.

तिसरी गोष्ट संकेतस्थळाची. २०१४ च्या ऑगस्टपासून '.भारत' या शेवटाचा पत्ता देवनागरींत घेतां येतो. पत्ता घेतांना तो मंडळाच्याच नांवें नोंदवावा. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या कारागिराच्या नांवें तो राहिला, तर कुळाच्या नांवाशिवाय जमीन कसल्यासारखें होतें. या पत्त्याचें शुल्क मुदतींत भरावें लागतें. तें चुकलें तर दुसरा कोणीही तो पत्ता घेऊं शकतो, म्हणून मुदतीची तारीख शेतसाऱ्याच्या तारखेप्रमाणें वहींत टिपून ठेवावी. आंत भपका नको. कोणता माल, कोणत्या हंगामाचा, किती शिल्लक, दर काय, पोहोंच किती दिवसांत, आणि दूरध्वनीस कोण उत्तर देईल, इतकें स्वच्छ मराठींत लिहावें. छायाचित्रें आपल्याच शेताचीं व आपल्याच खळ्यावरचीं असावींत. बहुतेक गिऱ्हाईक हें सर्व मोबाईलवर पाहतें, म्हणून चित्रें हलकीं ठेवावींत. माल संपला कीं त्याच दिवशीं 'संपला' असें लिहावें. शिळी माहिती ही शिळ्या मालाहून वाईट.

पहिलीं गिऱ्हाइकें दूर शोधावयास नकोत. मुंबई-पुण्याचे आपले चाकरमानी गणपतीस गांवीं येतात व जातांना तांदूळ-वाल बांधून नेतात. त्यांच्या हातीं छापाचा पुडा द्यावा. पुढील मागणी ते संकेतस्थळावरून करतील व शेजाऱ्यासही पत्ता सांगतील.

२००५ च्या जुलैंत दरड कोसळली तेव्हां दासगांवाचें नांव सगळ्या वृत्तपत्रांत आलें. दुःखानें झालेली ती ओळख पुसली जाणार नाहीं व पुसूंही नये. परंतु गांवाची दुसरी ओळख त्याच्या धान्यानें व्हावी, हें आपल्या हातीं आहे. तरुण मंडळी शेत ओसाड टाकून शहरास जातात, तीं कष्टांस भिऊन नव्हे, तर कष्टाचा मोबदला पदरीं पडत नाहीं म्हणून. नांवाचा माल नांवाचा भाव आणील, तर त्यांतलीं चार घरें तरी उघडीं राहतील. येत्या भातकापणीपूर्वीं प्रत्येक गांवच्या मंडळींनीं एक बैठक भरवून याचा विचार करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.